स्वहस्ते दोन चाके

आमच्या ‘सहवास’ सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात यायच्या आत मी उठून घरात गेलो असतो, तर माझ्या हातांना आज हे घट्टे नसते. पण तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला सभेतून निसटण्याची सोय नसते. सभा त्याच्याच खिडकीखाली भरते.

विषय होता गेटचा. साल १९८८. कोपरला नव्या इमारती इतक्या भराभर उगवत होत्या, की आमची इमारत ओळखू यायला पोस्टमनलासुद्धा काहीतरी खूण हवी होती. गेटच्या दोन्ही खांबांवर सिमेंटचे सिंह बसवावेत, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याला सिंह हिंसक वाटत होते, त्याला हत्ती हवे होते. तिसऱ्याने हत्तींच्या सोंडा आत वळवायच्या की बाहेर, हा मुद्दा काढला आणि सभा पाऊण तास सोंडेवर अडली. मी कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात खरेदी खात्यात कारकून. आदल्याच आठवड्यात आमच्या साहेबांच्या निरोपाचं जेवण घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात झालेलं, आणि तिथे दाराच्या दोन्ही अंगांना बैलगाडीची लाकडी चाकं लावलेली मी पाहिलेली. वार्निश मारलेली, ऐटदार. मी हात वर करून म्हणालो, की प्राणीच नकोत, चाकं लावू. चाकाला सोंड नसते.

सगळ्यांना पटलं. माझी एखादी सूचना एकमताने मंजूर होण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि त्या आनंदात माझा तोल गेला. अध्यक्ष आबा कोनकर यांनी विचारलं, की चाकं आणायची कुठून? आणि मी म्हणालो, “आणायची कशाला? घरी करता येतील.”

आता ‘करता येतील’ या वाक्यात कर्ता कुठे आहे? पण आमचे सेक्रेटरी महिपत गायकवाड टेलिफोन खात्यातले. कोणी कोणाला किती मिनिटं काय सांगितलं, याची नोंद ठेवायची त्यांना सवय. त्यांनी इतिवृत्तात माझं वाक्य दुरुस्त करून घेतलं: ‘श्री. गजानन देवरुखकर हे दोन शोभेची लाकडी चाके आपल्या राहत्या घरी स्वहस्ते तयार करून २६ जानेवारीपूर्वी संस्थेस देतील.’ आबा कोर्टातून बेंच क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कागदावर आलं ते घडलं आणि नाही आलं ते घडलंच नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांनी खाली सही ठोकली.

घरी आल्यावर मी हेमाला, म्हणजे माझ्या बायकोला, ठराव सांगितला. आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झालेली. तेवढ्या काळात माझी पेटी ‘सारेगम’पर्यंत आणि जर्मन भाषा नपुंसकलिंगापर्यंत पोचून थांबलेली. योगासनांपैकी फक्त शवासन टिकलेलं. ती एवढंच म्हणाली, की डायनिंग टेबलावर करणार असाल तर आधी पेपर अंथरा.

खरं सांगायचं तर मला तेच लागलं. तीस वर्षं मी ऑर्डरी काढल्या. ब्रशांपासून बॉयलरपर्यंत लोकांनी केलेल्या हजारो वस्तू माझ्या सहीने आल्या. पण ‘ही मी केली’ म्हणून बोट दाखवावं अशी एक खुंटीसुद्धा घरात नव्हती. बावन्नाव्या वर्षी माणसाला असं काहीतरी बोचायला लागतं. काहींना मधुमेह होतो, मला चाक झालं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. पहिला प्रश्न, आरे किती? महिपतराव म्हणाले, चोवीस. अशोकचक्राला चोवीस, तेच झेंड्यावर, आणि गेटचं उद्घाटन २६ जानेवारीला. आणखी पुरावा काय पाहिजे? आबांना वर्षाच्या महिन्यांइतके बारा हवे होते. वरच्या मजल्यावरच्या शकूताई आठावर ठाम होत्या, कारण दिशा आठच. मला सहा चालले असते, कारण सहा हे आठापेक्षा कमी असतात. शेवटी जिन्यात मतदान होऊन बारा ठरले. महिपतरावांनी आपलं विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून घेतलं, आणि लिहिणारेही तेच असल्यामुळे ते जरा सविस्तर आलं.

कल्याणहून मी जुन्या सागवानी चौकटी आणल्या. हेमाची मोठी पितळी परात पालथी घालून तिच्याभोवती दोन वीत अंतर सोडत पेन्सिलीने गोल काढला. परातीला एका बाजूला पोचा होता, तोही गोलात उतरला. शकूताईंना दुपारी झोप लागते, म्हणून मी हातोडीला जुना बनियन गुंडाळून ठोकायचो. त्यामुळे आवाज येत नसे, पण खिळाही जात नसे. गेलाच तर वाकडा जात असे, निःशब्दपणे.

पाच रविवारांनी पहिलं चाक झालं. लांबून पाहिलं तर ते गोल होतं. किती लांबून, ते विचारू नका. कमिटी पाहणीला आली. आबांनी चाकाला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, की हे चाक आहे असं तूर्त गृहीत धरू. मी ते उचलून भिंतीवरच्या खुंटीला लावलं आणि मागे सरून उभा राहिलो. आधी एक आरा निखळून पडला. मग जरा वेळ घेऊन दुसरा. मग त्यांना लाज उरली नाही. शेवटी मधला गड्डा माझ्या पायावर आला. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. महिपतरावांनी वही मिटली आणि सगळे जिना चढून गेले. दुसऱ्या दिवशी हेमाने ते बाराही आरे खिडकीबाहेरच्या तिच्या टोमॅटोंना टेकू म्हणून लावले. टोमॅटोंनी ते मनापासून स्वीकारले.

मी पुन्हा कल्याणला गेलो. लाकूडवाल्याने माझा आराखडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, की यात खिळे कशाला दाखवलेत? बैलगाडीच्या चाकाच्या लाकडात एक खिळा नसतो म्हणे. मग ते उभं कशावर राहतं, ते त्यालाही सांगता येईना. शीळफाट्याच्या पलीकडच्या एका गावात धोंडिबा सुतार आहेत, आसपासच्या सगळ्या गाड्यांची चाकं एके काळी त्यांच्या हातची असायची, त्यांना विचारा, असं तो म्हणाला.

पुढच्या रविवारी फाट्यावर उतरून, बांधांवरून चालत मी त्यांच्या ओटीवर पोचलो. सत्तरीचे धोंडिबा पोळपाट करत बसले होते. टोमॅटोंपासून सोडवून पिशवीतून आणलेला माझा एक आरा मी पुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, बायकोला, जनाबाईंना दाखवला, आणि विचारलं, की यो वरवंटा कुनी केला?

मी सांगितलं, की तो आरा आहे आणि मला चाक हवं आहे.

“गारी कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

गाडी नाही, म्हटलं.

“बैल?”

बैलही नाही. चाक गेटवर लावायचं आहे, शोभेला.

धोंडिबांनी आरा माझ्या पिशवीत परत ठेवला. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी शेवटचं चाक केलेलं. मग गाड्यांना रबरी टायर आले, मग टेम्पो आले, आणि लोक त्यांच्याकडे पोळपाट मागायला लागले. तरीसुद्धा ते म्हणाले, “जागंवर उबा ऱ्हानारा चाक मी नाय करत.” जनाबाईंनी मला चहा दिला आणि धोंडिबा पुन्हा पोळपाट तासू लागले.

मी पुढच्या रविवारी परत गेलो. का, ते मला सांगता येणार नाही. मी काही जिद्दी माणूस नाही, जर्मन भाषेला विचारा. पण आठवडाभर मी एक नवा आरा घडवत होतो आणि तो वरवंट्यासारखा दिसत नव्हता. तो लाटण्यासारखा दिसत होता, म्हणजे प्रगती होती. धोंडिबांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या रविवारी मी आणखी एक नेला आणि ओटीच्या कडेला ठेवून बसलो. जनाबाई माझ्याशी भाताबद्दल बोलत होत्या. मध्येच धोंडिबांचा हात आपोआप त्या आऱ्याकडे गेला. त्यांनी तो डोळ्याला लावून बघितला, तोंड वाकडं केलं, आणि वाकसाने, म्हणजे त्यांच्या तासायच्या हत्याराने, त्यावर तीन हात मारले. फक्त तीन. आणि त्या लाकडाचा एकदम आरा झाला. पुढे कितीतरी वेळ तो हातात धरून ते बसून राहिले. शेवटी जनाबाईच उठल्या आणि माळ्यावरून हत्यारांची गोणी त्यांनी खाली ओढली. नऊ वर्षांची धूळ आम्हा तिघांच्या अंगावर बसली.

“करीन,” धोंडिबा म्हणाले. “पन खरा करीन. उद्या गारीला लावला तं चालला पायजे. आनि आरे तुमी करायचे. मी सांगन तसे.”

हे मी कमिटीला सांगितलं तेव्हा आबांनी इतिवृत्त मागवलं. ‘स्वहस्ते’ या शब्दाचा भंग होतो, असं त्यांचं मत पडलं. यावर महिपतरावांनी जे केलं, ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, की ‘स्वहस्ते’ लिहिलंय, ‘केवळ स्वहस्ते’ लिहिलेलं नाही. देवरुखकर आरे करतायत, तेवढं पुरे. मात्र ‘राहत्या घरी’ या शब्दांना पळवाट नाही, तेव्हा शेवटचं एक तरी महत्त्वाचं काम सोसायटीच्या आवारात व्हायला हवं. हे आबांना मान्य झालं. मी धोंडिबांना विचारलं, तर ते म्हणाले, की शेवटी लोखंडी धाव चढवायची असते, ती कुठंही चढते, जागा मोकळी पायजे.

त्यानंतरचे रविवार मी त्यांच्या ओटीवर काढले. पहिल्या दिवशी मी सहा आरे केले, सहाही चुलीत गेले. जनाबाईंनी त्यांच्यावर भात शिजवून मला वाढला. दुसऱ्या रविवारी एकाला धोंडिबा ‘ऱ्हाऊ दे’ म्हणाले. तो मी घरी आणून हेमाला दाखवला. तिने तो दोन्ही हातांत फिरवून पाहिला आणि विचारलं, की खरंच तुम्ही केला? यात संशय होता, पण त्याच्याखाली दुसरंही काहीतरी होतं. शेवटी चोवीस आऱ्यांपैकी माझे नऊ झाले, बाकीचे त्यांचे. मधला बाभळीचा तुंबा, त्यात आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर सहा वाकडे तुकडे. खिळा एक नाही. हे सगळं उभं कशावर राहतं, ते विचारलं तेव्हा धोंडिबा म्हणाले, येकमेकांना दाबून. मी आमच्या सोसायटीचा विचार केला आणि मला पटलं.

जानेवारीत चाकं आणि लोहाराने केलेल्या दोन लोखंडी धावा टेम्पोत घालून आम्ही निघालो. मध्ये जकातीचा नाका लागला. तिथल्या कारकुनाने यादी काढली. लाकूड म्हणावं तर हे घडवलेलं होतं, फर्निचर म्हणावं तर यावर बसता येत नव्हतं. वाहनाचा भाग म्हणायला मी तयार होतो, पण त्याने वाहन कुठे आहे ते विचारलं. मी म्हणालो, वाहन नाही, ही शोभेची आहेत. त्याने बोटाने यादी चाळली. ‘शोभेची’ या शब्दाने सुरू होणारी एकच नोंद होती, शोभेची दारू. त्याने विचार करून पावतीवर लिहिलं: ‘शोभेची चक्रे, नग दोन.’ मी खुशीत पुढे आलो. अर्ध्या मैलावर हवालदाराने गाडी थांबवली, पावती वाचली आणि विचारलं, की एवढी मोठी भुईचक्रं कोणाच्या परवानगीने चालवलीत?

चाकं त्याच्या डोळ्यांसमोर होती. धोंडिबा त्यांना टेकूनच बसले होते. मी म्हणालो, की आपण बघा ना. तो म्हणाला, की बघतोय, पण कागदावर चक्रे आहेत. मला आबांची फार आठवण आली. अखेर धोंडिबांनी खिशातली काडेपेटी काढून त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, पेटवून बगा. हवालदाराने काडेपेटीकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, आणि आम्हाला जायला सांगितलं.

रविवारी सकाळी अख्खी सोसायटी आवारात हजर. धाव म्हणजे चाकाच्या परिघापेक्षा जरा लहान असलेलं लोखंडी कडं. ते लालभडक तापवायचं, मग ते फुगतं, मग चाकावर चढवायचं आणि लगेच पाणी मारायचं, की ते आवळतं आणि सगळं चाक एकजीव होतं. गोवऱ्या मी तबेल्यातून आणलेल्या. हेमाने पहाटेच नळाला पाणी असताना सहा पिंपं भरून ठेवलेली. धोंडिबांनी दोन्ही धावा एकावर एक ठेवून भोवती गोवऱ्या रचल्या आणि जाळ केला. धूर आधी शकूताईंच्या वाळवणात गेला, मग सरळ आकाशात.

पहिली धाव सुरेख बसली. धोंडिबा, महिपतराव आणि मी सांडश्यांनी ती उचलली, चाकावर टेकवली, घणाचे ठोके पडले, हेमा आणि बायकांनी तांबे ओतले. वाफेचा लोट उठला आणि त्या लोटात चाक कुरकुरलं. आतले आरे आवळत असल्याचा तो आवाज ऐकून आबासुद्धा एक पाऊल पुढे आले.

दुसरी धाव आम्ही उचलली, तेवढ्यात समोरच्या इमारतीतले दहाबारा जण गेटमधून धावत आत आले. आमच्याकडे आग लागली, असं त्यांना वाटलेलं. शेजारधर्म म्हणून त्यांनी आमची उरलेली पिंपं उचलली आणि, आम्ही नको नको म्हणेपर्यंत, सगळी रिकाम्या जाळावर ओतली. जाळ विझला. लाल धाव आमच्या हातात, चाक खाली, आणि आवारात थेंब नाही.

धोंडिबांनी क्षणभर विचार केला असेल. ती थंड झाली असती, तर पुन्हा गोवऱ्या, पुन्हा दिवस. त्यांनी धाव चढवली. लाकूड चरचरलं आणि कडेने पेट घ्यायला लागलं. मी सदरा काढून झोडपायला लागलो. त्यात माझे पाच आरे होते. हेमा घरातून पिण्याच्या पाण्याचा माठ घेऊन आली, तोही पुरला नाही. त्याच वेळी घंटा वाजवत अग्निशमन दलाची गाडी गेटमधून आत शिरली. शेजारधर्म इथेही पुढे गेलेला, त्यांनी फोनही केला होता.

बंबाचे अधिकारी उतरले आणि त्यांनी आग कुठे आहे ते विचारलं. मी चाकाकडे बोट दाखवलं. त्यांनी नळी रोखायला सांगितलं, तेवढ्यात धोंडिबा मध्ये आले.

“जोरान नको साहेब,” ते म्हणाले. “झारीवानी. चारी अंगांशी.”

त्या अधिकाऱ्यांना असं आजवर कोणी सांगितलं नसावं. पण धोंडिबांच्या आवाजात काहीतरी होतं. त्यांनी नळीचं तोंड स्वतः हातात घेतलं, धार बारीक केली, आणि धोंडिबा बोट दाखवतील तिथे पाणी सोडत चाकाभोवती एक गोल फिरले. चाक कुरकुरलं, आवळलं, आणि शांत झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अधिकाऱ्यांनी मग रिपोर्टासाठी आगीचं कारण विचारलं. महिपतरावांनी इतिवृत्ताची वही पुढे केली आणि त्यांना विषय क्रमांक सात वाचायला दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, मग टोपी काढून चाकाजवळ उकिडवे बसले आणि धोंडिबांना विचारलं, की अशी अजून करता का? त्यांचा मावसभाऊ कर्जतकडे लोकांना राहायला-खायला एक मळा उघडत होता.

सव्वीस जानेवारीला चाकं गेटवर चढली. भाषणं लांबली, ती सांगत नाही. एका चाकाची कड जरा काळपट राहिली, ती बाजू आबांनी हट्टाने रस्त्याकडे लावायला लावली. पोस्टमन म्हणाला, की आता सापडेल.

आठवड्याने एक पोस्टकार्ड आलं. जनाबाईंनी गावातल्या शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं: कर्जतहून आठ चाकांचं काम आलं आहे, हे सकाळपासून ओटीवर बसतात, आरे करायला माणूस कमी पडतो, रविवारी या. मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. खरेदी खात्यात तीस वर्षांत मला असं पत्र आलं नव्हतं. हेमा म्हणाली, की मीही येते, बघू तरी तिथे काय चालतं.

रविवारी आम्ही दोघं गेलो. जनाबाईंनी तिला ओटीवर बसवलं. मी माझ्या आऱ्याशी झटापट करत असताना तिने सहज एक लाकूड पुढ्यात ओढलं, वाकस हातात घेतला आणि धोंडिबांच्या हाताकडे बघत बघत तासायला लागली. तासाभराने धोंडिबांनी तो आरा उचलून डोळ्याला लावला. उजेडाकडे धरून एकदा फिरवला. मी हातातला आरा खाली ठेवला. त्यांनी तो सरळ नेऊन स्वतःच्या आऱ्यांच्या राशीत ठेवला. मग माझा आरा घेऊन पाहिला आणि म्हणाले, की देवरुखकर, तुमी जरा बाईंच्या वाकसाला धार लावून द्या.

मी दगड पाण्यात भिजवला आणि धार लावायला बसलो. हेमाने दुसरं लाकूड घेतलं.